एका पाटीवर दोघे

१

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. तिथं जिवंत माणसांना बसायला खुर्ची मिळत नव्हती, मेलेल्यांची सोय कुठून होणार? तरी ही हकीकत सांगतो, कारण तिच्यात शेवटी विजय आमचा झाला, आणि कचेरीत विजय फार थोडे होतात.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, निजामाच्या काळात बांधलेल्या लांबट दगडी इमारतीत आमची कचेरी होती. एकीला लागून एक अशा सहा खोल्या आणि त्यांच्यापुढून जाणारा व्हरांडा. एका टोकाला साहेब, दुसऱ्या टोकाला दफ्तरखाना, त्याच्याही पलीकडं मोडक्या खुर्च्यांची अडगळ. चौथी खोली माझी. निजामीत मला पेशकार म्हणत, नंतर हेडक्लार्क म्हणू लागले. पगार, टेबल आणि ढेकूण तेच राहिले.

साहेबांच्या दाराबाहेर शिपायाचा बाक होता आणि बाकाच्या वर, भिंतीवर, घंटीची पेटी. सागवानी, पुढून काच, आत एका ओळीत सहा झरोके. खोलीतलं बटण दाबलं की घंटी वाजायची आणि त्या खोलीच्या झरोक्यात आकडा लिहिलेली पांढरी पाटी खट्‌कन खाली पडायची. शिपायानं पाटी बघायची, त्या खोलीकडं धावायचं, परत येऊन बाजूची दांडी ओढायची, की पाटी पुन्हा वर. खाली कोनाड्यात नवसागराच्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरण्या होत्या, त्यांच्यातून वीज यायची. गावात वीज नव्हती, पण साहेबाला हाक मारायचे कष्ट पडू नयेत एवढी सरकारनं कशीबशी जमवली होती.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीतली उर्दू काढायचा हुकूम आला. चारठाण्याचा वाल्मीक पेंटर बोलावला. त्यानं पेटीवरचे उर्दू आकडे पुसून छान मराठी आकडे काढले, डावीकडून उजवीकडं, एक ते सहा.

आणि घोळ सुरू झाला. साहेबांनी घंटी दाबली की शिपाई दफ्तरखान्यात जाऊन उभा. दफ्तरखान्यातून कोणी पाणी मागितलं की तो साहेबांपुढं पेला घेऊन हजर.

पेटीचं झाकण काढून मी घोळ शोधला. निजामी कारागिरानं पेटी बांधताना, उर्दू लिहितात तशी, पहिली खोली उजवीकडं धरली होती. आकडे आम्ही नव्या राज्याच्या दिशेनं वळवले, तारांना कोणी कळवलं नव्हतं. वाल्मीकला पुन्हा बोलावून आकडे उलटे काढून घेतले. साहेब म्हणाले, ‘‘पंडितराव, तुम्ही इंजिनियर व्हायला पाहिजे होतं.’’ मी ते नाकारलं नाही.

पाच पाट्या सुतासारख्या सरळ झाल्या. पहिली, साहेबांची, झाली नाही.

२

आमचा शिपाई लिंबाजी वालूरचा. निजामीतच लागलेला, उंच, मिशीवाला, आणि घंटी वाजली की जेवणावरून उठणारा. त्याच्या पेन्शनीला वर्षभर राहिलं होतं. जुन्या राज्यातली नोकरी नव्या राज्यात धरायची की नाही, हे त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या साहेबाच्या शेऱ्यावर लटकलेलं असे.

साहेब म्हणजे टिपणीस, नाशिककडून बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. फक्त घंटी दाबली की माणूस दिसला पाहिजे आणि दाबली नाही तर दिसता कामा नये, एवढीच त्यांची जगाकडून अपेक्षा होती.

एका दुपारी घंटी वाजली, पहिली पाटी पडली, लिंबाजी आत गेला.

‘‘जी हुजूर.’’

‘‘मी बोलावलं नाही.’’

तो बाहेर येऊन बसतो न बसतो तोच पुन्हा घंटी, पुन्हा पहिली पाटी. पुन्हा आत.

‘‘लिंबाजी, तू प्यायला आहेस का?’’

‘‘न्हाई हुजूर. आमच्यात माळ हाय.’’

रोज दुपारी हेच चालू झालं. शिव्या खाऊन लिंबाजीनं पहिल्या पाटीकडं काणाडोळा करायला सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हा घंटी खरोखर साहेबांनी दाबलेली असायची. पाटी आधीच पडलेली असली तर दुसऱ्यांदा पडायला ती काही उभी नसायची. घंटी वाजे, पण कोणाची ते कळायला मार्ग नाही.

येलदरीला धरणाचं काम चाललं होतं, ते बघायला मोठे साहेब पुढच्या सोमवारी येणार होते, आणि जाता जाता आमची कचेरी तपासणार होते. टिपणीसांनी मला बोलावून दार लावलं.

‘‘सोमवारपर्यंत हे थांबलं नाही तर मी लिंबाजीवर शेरा मारणार. मोठ्या साहेबांसमोर शोभा नको.’’

‘‘त्याची पेन्शन जाईल, साहेब.’’

‘‘मग घंटी थांबवा. इंजिनियर तुम्ही.’’

बाहेर लिंबाजी बाकावर बसला होता. आत काय बोलणं झालं ते त्यानं विचारलं नाही. ‘‘पेशकारसाब,’’ तो म्हणाला, ‘‘काल हुजूर येलदरीला गेलते. खोलीला कुलूप व्हतं, चाबी माझ्या खिशात. तरी एक नंबर पडली. म्या सायबाच्या खोलीत जाऊन रिकाम्या खुर्चीला जी म्हणून आलो.’’

‘‘कशाला?’’

‘‘पडली तर जावंच लागतंय. नोकरी हाय.’’

३

उंदीर, ओल, पाल, या क्रमानं मी विचार केला. कचेरीतल्या निम्म्या गोष्टी उंदीर करतात आणि उरलेल्या त्यांच्यावर ढकलता येतात.

सगळे जेवायला गेल्यावर लिंबाजीनं आणि मी पेटी पुन्हा उघडली. मागं सहा स्क्रू. पाचांना एकेक तार. पहिल्या स्क्रूला दोन, एकमेकींना पीळ देऊन बसवलेल्या. दोन अर्जदार आणि खिडकी एक. वाल्मीकच्या आकड्यांच्या गोंधळात ही गोष्ट आजवर झाकली गेली होती.

एक तार साहेबांच्या खोलीत गेली. दुसरी लाकडी पट्टीखालून व्हरांडाभर गेली, दफ्तरखाना ओलांडला, आणि अडगळीच्या दारावरच्या भोकातून आत.

त्या खोलीची किल्ली माझ्याच जुडग्यात होती. आत मोडक्या खुर्च्या, फुटके कंदील, निजामीतला एक पंखा, दोरीवाला. एकच खिडकी, तिला बाहेरून पत्रा. छतातून एक दोरी लोंबत होती आणि तिच्या टोकाला पेरूएवढं लाकडी बटण, मधोमध पांढरी टिकली. निजलेल्या माणसाच्या उशाशी हाताला लागावं एवढ्या उंचीवर ते लटकत होतं. त्याच्याखाली काही नव्हतं. खुर्च्या रचणाऱ्यांनीही खाटेएवढी जागा का कोण जाणे मोकळी सोडली होती.

बटण पिळून उघडलं. आतल्या दोन पितळी पट्ट्यांमध्ये भरपूर अंतर, आणि त्या अंतरावर कोळिष्टक. अखंड. पट्ट्या एकमेकींना टेकल्या असत्या तर ते केव्हाच तुटलं असतं.

‘‘उंदीर न्हाई म्हणजे,’’ लिंबाजी म्हणाला.

‘‘ओल असेल.’’

‘‘उन्हाळ्यात?’’

मी बटण पुन्हा बसवलं आणि त्याला पेटीपाशी पाठवलं. घंटी वाजली तर ओरड, म्हटलं. मी इथं उभा राहून नजर ठेवतो.

मी नजर ठेवली. पत्र्याला एक बारीक भोक होतं, त्यातून उन्हाची काडी आत आली होती आणि तिच्यात धूळ फिरत होती. बाहेर कावळा ओरडत होता. अंगाला घाम होता, पण खोलीत मात्र गारवा. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाच्या खोलीला असतो तसा वास. मला माझंच हसू आलं आणि मी चष्मा पुसायला काढला.

लांबून घंटी ऐकू आली. ‘‘पडली,’’ लिंबाजीची हाक.

मी चष्मा लावला. पांढरी टिकली आत गेलेली मी पाहिली नाही. बाहेर आलेली पाहिली. सावकाश, अंगठा उचलल्यासारखी. दोरी जराही हलली नव्हती.

मी बाहेर आलो, कुलूप लावलं, आणि थेट पेटीकडं जाऊन ती दुसरी तार चिमट्यानं कापून टाकली.

‘‘ओलच होती,’’ मी लिंबाजीला सांगितलं.

‘‘बरं,’’ तो म्हणाला. पेटीचं झाकण त्यानंच बसवलं, ही त्याची सभ्यता.

४

दुसऱ्या दिवशी पहिली पाटी फक्त साहेबांसाठी पडली. साहेबांनी मुद्दाम चारदा दाबून बघितली, चारदा लिंबाजी दाराशी. टिपणीसांनी मला चहा पाजला, आणि तो त्यांच्या खर्चानं होता. मीही त्या दिवशी व्हरांड्यातून जरा हळू चाललो, लोकांना बघता यावं म्हणून.

कुरबुर सुरू केली गोजरबाईनं. ती कचेरीत पाणी भरायची, झाडायची आणि सगळ्यांची मापं काढायची.

‘‘पेशकारसायब, तुमच्या लोकांच्या पोटात काय आड हाय का? सकाळी रांजण काठोकाठ भरला. दुपारी ठणठणीत.’’

‘‘उन्हाळा आहे, बाई.’’

‘‘उन्हाळा मला बी हाय. म्या रांजण पेत न्हाई.’’

त्याच दुपारी दफ्तरखान्यातला कारकून बाहेर येऊन माझ्याशी उगीच वांग्याच्या भावाबद्दल बोलत उभा राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला की दाराची कडी कोणी तरी हळूच वाजवली, दारावरची चिक, बांबूच्या काड्यांचा पडदा, थोडी आत आली, आणि तशीच राहिली. आत कोणी आलं नाही. त्याचा पाण्याचा चंबू मात्र कोरडा झाला होता.

‘‘सांडला असेल.’’

‘‘सांडला तर भुई ओली व्हायला पाहिजे ना.’’

पुढच्या दिवशी तेच पाच नंबरला झालं. तिथं नकाशे ठेवत. भूमापक सामान उचलून पिंपळाखाली जाऊन बसला आणि ऊन लागलं म्हणाला.

सहा, मग पाच. मला आकडेमोड करायची गरज नव्हती. रोज एक खोली. ते पहिलीला पोचेल तेव्हा तिथं टिपणीसांच्या खुर्चीत मोठे साहेब बसलेले असतील. चिक आत येईल, कोणी दिसणार नाही, पेला कोरडा होईल, आणि बाहेर बाकावर बसलेल्या लिंबाजीला विचारतील, कोण आलं होतं? तो खोटं बोलत नसे. नोकरीतला त्याचा एवढा एकच दोष.

पण त्याआधी चौथी होती.

५

मी खोली सोडली नाही. धैर्य म्हणून नव्हे. पिंपळाखालची जागा भूमापकानं घेतली होती.

दुपार झाली. व्हरांड्यात बाकीचे सगळे आवाज हळूहळू बंद पडले, कचेरीत जेवणानंतर पडतात तसेच. मी पुढ्यात कागद ओढले. समोर खिडकीत तांब्या होता, भरलेला, वर फुलपात्र पालथं.

कडी वाजली. एकदाच, अदबीनं. आपल्याकडं पक्षकार वाजवतात तशी, आत यायची परवानगी मागावी पण मागितल्याबद्दल रागावू नये अशी.

चिक आत आली आणि वाकलेलीच राहिली, माणूस उंबऱ्यात उभा राहिला की राहते तशी. मला व्हरांडा दिसत होता, खांब दिसत होता, खांबाच्या सावलीत निजलेलं कुत्रं दिसत होतं. आणि मला, बत्तीस वर्षं पक्षकारांना दारात उभं करून खाली मान घालून लिहीत बसलेल्या माणसाला, एक गोष्ट लख्ख कळली. दारात जो होता तो घाबरवायला आलेला नव्हता. तो ताटकळलेला होता. मी त्याची हाक कापली होती, म्हणून तो स्वतः चालत आला होता.

खिडकीत फुलपात्र किणकिणलं.

चिक परत सरळ लोंबू लागली तेव्हा तांब्या कोरडा होता. तळाला हात लावला. आतून उबदार.

व्हरांड्यात आलो तर लिंबाजी खांबाशी उभा. कधीपासून, देव जाणे.

‘‘तुमच्याकडं बी आलं?’’

‘‘आलं. तहान आहे, लिंबाजी. दुसरं काही नाही.’’

‘‘मग घंटी वाजवायलंय ते त्याच्यासाठीच म्हणा की. अन्‌ आमी जायलाव सायबाच्या खोलीत.’’

‘‘त्याची घंटी त्याला परत द्यायला पाहिजे. पण साहेबांच्या पाटीवर नको. वेगळी पाटी पाहिजे.’’

‘‘झरोके सहाच हायत, पेशकारसाब. सहा बी भरलेत.’’

हे मला माहीत होतं. आमच्या कचेरीत सहाजणांना घंटी होती आणि बाकीच्यांना नव्हती. माणूस कोण आहे हे लोक त्यावरून ओळखत. ती मिळवायला मला हैद्राबादला दोन अर्ज करावे आणि एका नवाबसाहेबांच्या तीन गझला ऐकाव्या लागल्या होत्या.

मी पेटी उघडली, चौथ्या स्क्रूवरची माझी तार सोडवली, आणि अडगळीची तार जोडून तिथं बसवली.

‘‘आता तुमाला पाणी लागलं तर?’’

‘‘ओरडेन.’’

‘‘ओरडा,’’ लिंबाजी म्हणाला. ‘‘मला ऐकू येतंय.’’

तोवर ऊन उतरलं नव्हतं. अडगळीचं कुलूप काढून आम्ही दोघं बाकावर बसलो, बाकीच्यांनी बघितलं तरी चालेल असं ठरवून. घंटी वाजली. चार नंबर पडली. लिंबाजीनं टोपी नीट केली, बिल्ला सरळ केला, पेला भरून घेतला आणि व्हरांडाभर चालत गेला. दारातच त्याचं ‘‘जी’’ ऐकू आलं. एका मोडक्या खुर्चीवर पेला ठेवून, दार लोटून तो परत आला. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं जाऊन तो पेला घेऊन आला. रिकामा.

‘‘उन्हाळ्यात पाणी उडतं,’’ मी म्हणालो.

‘‘व्हय,’’ तो म्हणाला. ‘‘अन्‌ उडाल्यावर पेला पालथा घालून ठेवतंय. चांगल्या घरचं हाय.’’

त्या दिवसापासून कोणाच्या दाराची कडी वाजली नाही. गोजरबाईचा रांजणही टिकू लागला, तेव्हा तिनं दुसरी तक्रार शोधली.

६

सोमवारी मोठे साहेब आले. जाडजूड माणूस, बोलणं थोडं, बघणं फार. सगळ्या खोल्या बघून ते घंटीच्या पेटीपुढं थांबले. टिपणीसांच्या कपाळावर घाम. मी शेजारी, लिंबाजी बाकापुढं ताठ.

‘‘ही चालते?’’

‘‘उत्तम, साहेब,’’ टिपणीस म्हणाले. ते आत गेले आणि त्यांनी घंटी दाबली. एक नंबर पडली. त्याच क्षणी दुसरी घंटी, पहिलीच्या अंगावर चढल्यासारखी, आणि खट्‌. चार नंबर.

दोन पाट्या एकाच वेळी. दोन हाका आणि शिपाई एक.

लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं. साहेबांकडं गेला नसता तर शेरा. चारकडं गेला नसता तर काय झालं असतं, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि व्हरांड्यात आज मोठे साहेब उभे होते.

‘‘चार नंबर कोणाची?’’ मोठ्या साहेबांनी विचारलं.

‘‘माझी, साहेब.’’

त्यांनी मला खालून वर बघितलं. ‘‘तुम्ही तर इथं उभे आहात.’’

‘‘होय, साहेब.’’

‘‘मग तुमच्या खोलीतून घंटी कोण वाजवतंय?’’

आतून टिपणीसांची खुर्ची करकरली. बाहेर गोजरबाईचा झाडू थांबला.

‘‘साहेब,’’ मी म्हणालो, ‘‘इथं घंटी वाजली की आधी जायचं, मग चौकशी करायची, असा रिवाज आहे. एकला लिंबाजी जाईल. चारला मी जाऊन येतो.’’

रांजणातून पेला भरला आणि निघालो. मागं लिंबाजीचं ‘‘जी हुजूर’’ ऐकलं, घड्याळाच्या ठोक्यासारखं. बत्तीस वर्षांत पाण्याचा पेला घेऊन मी कोणाकडं गेलो नव्हतो. पाणी सांडू न देता चालणं अवघड असतं. माझ्या चौथ्या खोलीवरून पुढं गेलो. पाठीवर मोठ्या साहेबांची नजर होती, तिचं मला काही वाटलं नाही.

अडगळीचं दार लोटलं. उन्हाच्या काडीत धूळ. दोरीला लटकलेलं बटण. पेला ठेवायची ती खुर्ची कोणी तरी हलवली होती आणि ती मला अंधारात सापडेना. मी त्या मोकळ्या जागेपाशी आलो आणि पेला तसाच पुढं धरून उभा राहिलो.

‘‘जी,’’ मी म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द बरा वाटला.

पेल्याखाली, माझ्या बोटांवरून, आणखी बोटं आली. कोरडी, हलकी, जुन्या पुठ्ठ्यासारखी. क्षणभर उन्हाच्या काडीतली धूळ उशीवरून उचललेल्या मानेएवढ्या जागेत फिरायची थांबली. मी तिकडं टक लावून बघितलं नाही. आजारी माणूस पाणी पिताना आपण बघत नाही. पेला हलका होत गेला, घोट घोट. मग माझ्या हातात तो हळूच पालथा झाला, आणि एक थेंबही खाली पडला नाही.

मी परत आलो. पेटीची दांडी माझ्याच हातानं ओढली. दोन्ही पाट्या वर गेल्या आणि वर राहिल्या.

मोठे साहेब माझ्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडं बघत होते. मग टिपणीसांकडं वळून म्हणाले, ‘‘सगळा जिल्हा फिरलो. हाकेला माणूस उठतो अशी ही पहिली कचेरी. हा शिपाई जुना दिसतो.’’

‘‘निजामीतला, साहेब,’’ टिपणीस म्हणाले. ‘‘फार इमानी.’’

‘‘तसा शेरा मारा.’’

‘‘हो, साहेब. तोच मारणार होतो.’’

लिंबाजीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त त्यानं बिल्ला पुन्हा एकदा सरळ केला, जो मुळातच सरळ होता.

जीप धूळ उडवत येलदरीच्या रस्त्याला लागली तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

‘‘काय म्हणले चार नंबर?’’

‘‘काही नाही. पाणी प्यायले.’’

‘‘पुढच्या वर्षी म्या घरी जायलो,’’ तो म्हणाला. ‘‘पेन्शनीवर. तवा बाकावर कोण बसंल?’’

‘‘नवीन शिपाई येईल.’’

‘‘त्याला एक, दोन, तीन, पाच, सहा. चार तुमची हाय,’’ असं म्हणून त्यानं माझ्या हातातला पेला घेतला, राखेनं घासला आणि रांजणावर ठेवला. गोजरबाईनं झाकण उचलून आत डोकावलं. सकाळपासून सगळी कचेरी त्या रांजणातून पीत होती.

‘‘पेशकारसायब,’’ ती म्हणाली, ‘‘आज कुनी पाणी पेलं न्हाई का? काठोकाठ हाय की.’’